प्रचाराचं कॉमिक शेवटच्या पानापासून वाचावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातल्या जुन्या कागदांत चित्रपुस्तिकांचा गठ्ठा सापडला. त्यातल्या काही धर्मप्रसाराच्या, काही निवडणुकीच्या आणि काही नुसत्या गोष्टींच्या दिसतात. यातला प्रचार कुठला हे कसं ओळखायचं, जगात हे माध्यम प्रचारासाठी खरोखर कसं वापरलं गेलं, आणि या पुस्तिकांचा अभ्यास कसा करायचा?

आधी पुस्तिका पालथी घाला आणि शेवटचं पान बघा. पहिलं पान सगळेच देखणं करतात. पुस्तिका ज्या कामासाठी छापली ते काम मात्र शेवटच्या पानावर असतं. गोष्टीचं कॉमिक शेवटच्या चौकटीत संपतं. प्रचाराचं कॉमिक तिथे तोंड वळवून थेट तुमच्याशी बोलायला लागतं: ही प्रार्थना म्हणा, या माणसाला मत द्या, वर्गणी पाठवा, आणखी शंभर प्रती मागवा. ही मागणी सापडली की मगच मागे जायचं. प्रत्येक पान त्या मागणीकडे वाचकाला कसं ढकलतं ते बघायचं. हाच क्रम धरावा. पुढून वाचत गेलात तर गोष्टीत अडकाल, आणि तुम्ही अडकावं हीच तर त्या पुस्तिकेची रचना असते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतले जॅक चिक (१९२४–२०१६) यांच्या पुस्तिका. कॅलिफोर्नियातून निघणाऱ्या या ख्रिस्ती पुस्तिका साधारण पाच इंच रुंद, पावणेतीन इंच उंच, आडव्या, २४ पानांच्या आणि आत एकाच काळ्या शाईच्या असतात. शर्टाच्या खिशात मावतील, पाकिटात सरकवता येतील, बसच्या सीटवर ठेवल्या तरी घडी पडणार नाही, असा आकार. ‘धिस वॉज युअर लाइफ!’ ही त्यांची बहुधा सर्वांत गाजलेली पुस्तिका. एक सुखवस्तू माणूस अचानक मरतो. देवदूत त्याला घेऊन जातो, त्याचं सगळं आयुष्य चित्रपटासारखं त्याच्यापुढे उलगडतं, जीवनाच्या पुस्तकात त्याचं नाव सापडत नाही आणि तो अग्नीच्या सरोवरात टाकला जातो. देव प्रचंड सिंहासनावर बसलेला आहे, पण त्याला चेहरा नाही, नुसता उजेड आहे. चौकटींच्या खाली बायबलच्या वचनांचे संदर्भ बारीक अक्षरात. मग शेवटाकडे तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने जाते: याच माणसाने श्रद्धा स्वीकारली असती तर काय झालं असतं. आणि सगळ्यात शेवटी प्रार्थना, तिच्यापाशी हो किंवा नाही अशी खूण करायचे दोन चौकोन आणि तारखेसाठी जागा. मलपृष्ठावर मोकळी जागा सोडलेली असते, स्थानिक चर्चने आपला पत्त्याचा शिक्का मारावा म्हणून.

तो चौकोन आणि ती मोकळी जागा नीट लक्षात ठेवा. पुस्तिकेचं सगळं अर्थकारण तिथे दिसतं. ती विकत घेणारा एक आणि वाचणारा दुसरा. श्रद्धावान माणूस काही सेंटला एक या भावाने गठ्ठा विकत घेतो आणि टेलिफोन बूथमध्ये, धुलाईकेंद्रात, हॅलोविनला मुलांच्या खाऊच्या पिशवीत एकेक टाकत जातो. वाचकाने पैसे दिलेले नसतात, तेव्हा त्याची आवडनिवड सांभाळायची गरजच राहत नाही. सांभाळायचं असतं ते वाटणाऱ्याला. त्याला अनोळखी माणसाशी धर्मावर बोलायचा संकोच वाटतो आणि ही पुस्तिका त्याचं बोलणं आपल्या अंगावर घेते. चिक यांच्या चित्रांतला भडकपणा, विरोधकांची राक्षसी तोंडं, सरळसोट निवाडा हे बाहेरच्या वाचकाला खटकतं, पण गठ्ठा विकत घेणाऱ्याला त्यातच खरेपणा दिसतो. म्हणून ‘इतकं ओबडधोबड कोणाला पटेल?’ हा प्रश्न इथे लागू पडत नाही. ते आधी पटलेल्यांनी विकत घ्यायचं असतं.

ही कल्पना कुठून आली याबद्दल चिक स्वतः सांगत की चीनमधले कम्युनिस्ट छोट्या चित्रपुस्तिकांनी मुलांची मनं वळवतात, हे त्यांनी एका मिशनरी प्रसारकाकडून ऐकलं आणि तेच हत्यार उलटं वापरायचं ठरवलं. त्या चिनी पुस्तिकांचं नाव ल्येनह्वानह्वा, म्हणजे साखळीने जोडलेली चित्रं. तळहाताएवढं पुस्तक, पानाला एकच चित्र आणि खाली दोन-तीन ओळींचा मजकूर. शांघायच्या गल्ल्यांत ती भाड्याने वाचायला मिळत. १९४९ नंतर नव्या सरकारने तोच आकार आणि तीच मांडणी ठेवून आतला मजकूर बदलला: तलवारबाज आणि भुतांच्या जागी गनिमी सैनिक, आदर्श कामगार, जमीनदाराचा अन्याय. कट्टर कम्युनिस्टविरोधी माणसाने कम्युनिस्टांचा साचा उचलला यात नवल नाही. साच्याला पक्ष नसतो. म्हणूनच चित्रशैलीवरून बाजू ओळखायला जाऊ नये.

चिक यांचा सगळ्यात वादग्रस्त भाग रोमन कॅथलिकांविरुद्धचा होता. १९७९च्या ‘अल्बर्टो’ या रंगीत कॉमिकमध्ये स्वतःला माजी जेझुइट धर्मगुरू म्हणवणाऱ्या अल्बर्टो रिवेरा यांची कहाणी सत्यकथा म्हणून दिली होती. ती तपासून खोटी ठरवली ती ख्रिस्ती नियतकालिकांनीच. एका धर्माचा प्रचार हा बहुतेक वेळा दुसऱ्या धर्मापेक्षा शेजारच्या पंथावर जास्त तुटून पडतो. तुमच्या गठ्ठ्यातल्या धार्मिक पुस्तिका बघतानाही ‘हा कोणत्या धर्माचा’ एवढ्यावर थांबू नका. खलनायक शेजारच्या पंथातला आहे का तेही बघा.

आता पानांच्या संख्येकडे वळू. पानं मोजा. १६, २४, ३२ हे आकडे पुन्हापुन्हा येतील. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू छापून तीन घड्या घातल्या की १६ पानांचा एक फॉर्म होतो. मध्ये दोन पिना मारल्या की पुस्तिका तयार. वेगळं जाड मुखपृष्ठ घातलं की दुसरा कागद, दुसरी छपाई आणि जुळणीचा खर्च वाढतो, म्हणून फुकट वाटायच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ अनेकदा आतल्याच कागदाचं असतं. १६ पानी, आतल्याच कागदाचं मुखपृष्ठ, किंमत छापलेली नाही किंवा नाममात्र: या तीन गोष्टी एकत्र आल्या तर कोणीतरी वाचकाच्या वतीने पैसे भरलेत हे धरून चाला आणि तो कोण ते शोधा.

अमेरिकेत हा साचा राजकारणात पक्का झाला तो १९४८च्या अध्यक्षीय निवडणुकीत. माल्कम एटर यांच्या वॉशिंग्टनमधल्या कमर्शिअल कॉमिक्स कंपनीने डेमोक्रॅटिक पक्षासाठी हॅरी ट्रूमन यांची चित्रकथा काढली. १६ पानं, जॅक स्पार्लिंग यांची चित्रं, तीस लाख प्रती. साधं बालपण, शेतावरची मेहनत, पहिल्या महायुद्धातली कामगिरी, दुकान बुडणं, सार्वजनिक सेवा, मग देशाची जबाबदारी. हा क्रम पाठ करून ठेवा, कारण निवडणुकीतलं जवळजवळ प्रत्येक चरित्र-कॉमिक याच पायऱ्या चढतं. २०१४च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास आपल्याकडे आलेलं ‘बाल नरेंद्र’ घ्या: गरिबी, धाडस, मगरींच्या तळ्यातला प्रसंग, आईबापांबद्दलची ओढ. वेगळा देश, वेगळा काळ, वेगळा पक्ष, तरी जिन्याची रचना तीच. बालपणावर भर का? नेत्याच्या निर्णयांवर मतभेद होतात, लहान मुलावर होत नाहीत.

पण या साच्याची खरी ओळख पटायची असेल तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याकडे बघा. तिथल्या घडामोडींवर पाच वर्षांच्या अंतराने दोन कॉमिक्स निघाली आणि ती एकमेकांसमोर ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पहिलं ‘मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी’. डिसेंबर १९५७, प्रकाशक फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन ही शांततावादी संस्था, १६ पानं, किंमत १० सेंट, अडीच लाख प्रती. आल्फ्रेड हॅसलर आणि बेन्टन रेझनिक यांनी लिहिलं, किंग यांनी स्वतः मजकूर पाहिला. चित्रकाराचं नाव त्यावर नव्हतं. चित्रं सी बॅरी यांची आहेत हे साठ वर्षांनी निश्चित झालं. विषय अलाबामाची राजधानी माँटगोमेरी इथल्या, गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या बसांवरचा ३८१ दिवसांचा बहिष्कार. दुसरं १९६२चं, गव्हर्नरपदाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांच्यासाठी काढलेलं आणि ट्रूमन यांचं कॉमिक करणाऱ्या त्याच एटर यांच्या कंपनीचं. वॉलेस वंशविभाजनाच्या बाजूने उभे होते आणि जानेवारी १९६३मध्ये याच माँटगोमेरीत शपथ घेताना त्यांनी ते जाहीर बोलून दाखवलं. कॉमिकमध्ये मात्र ते ‘लहानखुरा लढाऊ न्यायाधीश’ आहेत, केंद्र सरकारच्या दांडगाईपुढे न झुकणारे.

दोन्ही प्रचारच आहेत. हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण आपल्याला पटणाऱ्या बाजूच्या कॉमिकला ‘जनजागृती’ आणि न पटणाऱ्याला ‘प्रचार’ म्हणायची सवय अभ्यासाची वाट लावते. तरीही दोन्हींची जात एक नाही आणि फरक कारागिरीत दाखवता येतो. किंग यांच्या पुस्तिकेत शेवटाकडे ‘माँटगोमेरीची पद्धत’ असा भाग आहे. अहिंसक प्रतिकार कसा करायचा, आधी सराव कसा करायचा, समोरचा माणूसच आहे हे का विसरायचं नाही, ते क्रमाने मांडलं आहे. त्याआधी गांधींच्या लढ्याची पानं येतात, म्हणजे पद्धत कुठून घेतली तेही झाकलेलं नाही. वाचक ती पद्धत करून बघू शकतो, फसली तर तसं म्हणू शकतो. वॉलेस यांचं कॉमिक वाचकाला एकच काम देतं: मत द्या, बाकी हा माणूस बघून घेईल. एक पुस्तिका वाचकाच्या हातात कृती ठेवते, दुसरी त्याच्या हातून ती काढून घेते. माझ्या मते प्रचाराचा कस लावायची ही सर्वांत उपयोगी कसोटी आहे, आणि खऱ्याखोट्याच्या कसोटीआधी ती लावावी. विधानं तपासायला वेळ लागतो. ही कसोटी शेवटच्या दोन पानांवरच लागते.

किंग यांची पुस्तिका मुख्यतः चर्च, शाळा आणि नागरी हक्कांच्या संघटनांमधून हातोहात गेली. दक्षिणेतल्या किती दुकानदारांनी ती उघड मांडली असती? त्या काळातल्या कॉमिक्सच्या बाजाराचीही इथे आठवण ठेवा. १९५४मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात कोणत्याही धर्माची किंवा वंशाची टवाळी करायला बंदी होती. पण ती संहिता चालायची घाऊक वितरकांच्या जोरावर: शिक्का नसलेलं कॉमिक ते उचलत नसत. जे कॉमिक वितरकाकडे जातच नव्हतं त्याला ती लागूच पडत नव्हती. चिक यांचा कॅथलिकद्वेष आणि किंग यांची अहिंसा, दोन्ही याच बाजूच्या दारातून गेली. २००८मध्ये किंग यांच्या पुस्तिकेची अरबी आवृत्ती इजिप्तमध्ये निघाली, तीही हातोहातच वाटली गेली.

वितरणानंतर चित्राकडे या. कॉमिकमध्ये खोटं बोलायची सगळ्यात सोयीची जागा चौकटीत नसते, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत असते. चौकटीत जे काढलं त्यावर कोणी बोट ठेवू शकतं. फटीत जे घडतं ते वाचकाने स्वतःच भरलेलं असतं आणि माणूस आपण भरलेल्या गोष्टीवर शंका घेत नाही. १९४७मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या कॅटेकेटिकल गिल्ड या कॅथलिक धर्मशिक्षण संस्थेने ‘इज धिस टुमॉरो’ काढलं. कम्युनिस्ट अमेरिका कशी ताब्यात घेतील याची ५२ पानांची कल्पनाकथा, सुमारे चाळीस लाख प्रती. दुष्काळ पडतो, अन्न कमी पडतं, दंगली होतात, मोक्याच्या जागी माणसं पेरलेली निघतात, सत्ता उलटते. एकेक चौकट शक्य कोटीतली. उडी प्रत्येक वेळी फटीत.

ती पकडायची रीत सोपी आहे. पान झेरॉक्स करा, मूळ प्रतीवर काही लिहू नका. प्रत्येक फटीत पेन्सिलीने एकच शब्द लिहा: ‘मग’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘दरम्यान’. ज्या ज्या फटीत ‘म्हणून’ आलं तिथे थांबा आणि ते वाक्य पूर्ण लिहून काढा: ‘अन्न कमी पडलं म्हणून लोक अमक्यामागे गेले.’ उघड्यावर लिहिलं की बरीच वाक्यं तग धरत नाहीत. १६ पानांच्या पुस्तिकेला दोन-तीन तास लागतात. याच बैठकीत चौकटीगणिक एक तक्ता भरून घ्या: कोण बोलतो, किती शब्द, कोणाचा चेहरा दिसतो आणि कोण पाठमोरा किंवा सावलीत आहे, कॅमेरा वरून की खालून, पार्श्वभूमीचा रंग कोणता, विधानाला आधार दिला आहे का. विरोधकाच्या तोंडी त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा एकदा तरी येतो का, हा रकाना विसरू नका. तो रिकामा राहिला की पुस्तिका कोणासाठी आहे ते कळतं: आधीच पटलेल्यांसाठी.

रंग आणि चेहरा यांचा मुद्दा आपल्या घराजवळ आणून बघू. अनंत पै यांनी मुंबईत १९६७मध्ये सुरू केलेली अमर चित्र कथा मी प्रचारपुस्तिकांच्या गठ्ठ्यात टाकणार नाही. ती वाचकाने पैसे देऊन घेतली, शेवटच्या पानावर काही मागितलं नाही. पण ३२ पानांत एक आयुष्य बसवताना काय गाळायचं ते कोणीतरी ठरवतंच. असुर काळे-करडे आणि बेढब, नायक उजळ आणि सडपातळ, ही रंगवाटणी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या डोळ्यांत बसली आणि तिच्यावर अभ्यासकांनी सविस्तर टीका केली आहे. यात चित्रकारांचा हेतू शोधत बसण्यात अर्थ नाही. कॅलेंडरं, पौराणिक चित्रपट आणि नाटकांची रंगभूषा यांतून आलेली सवय कुंचल्यातून उतरली. प्रचार नेहमी ठरवून होतो असं नाही, आणि सवयीने झालेला जास्त टिकतो.

डॉ. आंबेडकरांवरची दोन कॉमिक्स एकत्र ठेवलीत तर हे लगेच दिसेल. १९७९मध्ये अमर चित्र कथेने काढलेलं चरित्र दिलीप कदम यांनी चितारलं, मालिकेच्या नेहमीच्या सरळ चौकटींत. २०११मध्ये नवयान प्रकाशनाचं ‘भीमायन’ आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चौकटीच काढल्या नाहीत. दिग्णा या भिंतीवरच्या पारंपरिक गोंड नक्षीच्या वळणांनी पान विभागलं. सौम्य बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा, विखारी बोलण्याला विंचवाच्या नांगीचा. इथे बाजू घेतली आहे हे फुग्याच्या आकारातच जाहीर आहे. वाचकाला काही चोरून पाजलेलं नाही. बाजू घेणं आणि बाजू लपवणं यातला फरक शिकवायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

यानंतरची पायरी म्हणजे उगम शोधणं. कॉमिकमधलं ‘डोळ्यांनी पाहिलेलं’ दृश्य बहुतेक वेळा कोणाच्या तरी पुस्तकातून आलेलं असतं. टिनटिनची पहिली गोष्ट, सोव्हिएत रशियातली, जानेवारी १९२९ ते मे १९३० या काळात ब्रसेल्सच्या एका कॅथलिक दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत आली. टिनटिनचे चित्रकार हर्जे रशियाला गेलेच नव्हते. पिस्तुलाच्या धाकाखालचं मतदान, परदेशी पाहुण्यांना दाखवायला उभे केलेले खोटे कारखाने ही दृश्यं रोस्तोव्हमधले बेल्जियमचे माजी वाणिज्यदूत जोसेफ दुयेत यांच्या १९२८च्या एकाच पुस्तकातून घेतलेली आहेत. एक संपादक, एक पुस्तक, एक चित्रकार: साखळी एवढीच. तुमच्या पुस्तिकेतला एखादा प्रसंग फार नेमका वाटला तर त्याच सुमाराला त्या पंथाची किंवा पक्षाची कोणती भाषणं, पत्रकं, पुस्तकं निघाली होती ते ग्रंथालयात काढून बघा. शब्दच्या शब्द जुळताना सापडतात.

प्रकाशकाचं नाव खरं आहे का, हेही तपासा. ऑक्टोबर १९८३मध्ये अमेरिकेने ग्रेनाडावर सैन्य उतरवल्यावर त्या कारवाईचं समर्थन करणारं एक कॉमिक निघालं. त्यावर कम्युनिझमच्या बळींची म्हणून एक संघटना प्रकाशक होती. ते सीआयएसाठी एटर यांच्याच कंपनीने तयार केलं असं मानलं जातं. निकाराग्वात त्याच सुमारास वाटलेली स्पॅनिश चित्रपुस्तिका तर सरळ घातपाताचं हस्तपुस्तक होती. कामावर उशिरा जा, नळ आणि दिवे चालू ठेवा, संडास तुंबवा इथपासून आगीच्या बाटल्यांपर्यंत. शब्द अगदी थोडे, कारण वाचता न येणाऱ्यालाही ती कळायला हवी होती. ज्या पुस्तिकेत शब्द कमी आणि हातांच्या कृती जास्त, ती पटवण्यासाठी नसते, शिकवण्यासाठी असते.

भारतात छापलेल्या पुस्तिकेत मुद्रकाची ओळ शोधा. १८६७च्या मुद्रणालय कायद्याने मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक होतं, प्रकाशित पुस्तकावर प्रकाशकाचंही. जुन्या मराठी पुस्तिकेवर ती ओळ नसेल तर ती परदेशात छापली, शेवटचा कागद गळाला, किंवा कोणालातरी नाव द्यायचं नव्हतं. निवडणुकीच्या पत्रकांसाठी १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१मध्ये कलम १२७क आलं. मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा, मुद्रकाने छपाईआधी प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र घ्यायचं आणि छापल्यावर त्याची एक प्रत पत्रकासह मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कागदांमुळे अभ्यासकाची मोठी सोय होते, कारण पैसा कोणाचा याचा माग इथून लागू शकतो.

भाषांतरित पुस्तिका ओळखायला फुग्यांकडे बघा. इंग्रजी फुगे मोठ्या लिपीतल्या अक्षरांसाठी आखलेले असतात. ओळींत अंतर जवळजवळ नसतं. मराठीला वर मात्रा-वेलांटी-रफार आणि खाली उकारांसाठी जागा लागते, म्हणून मजकूर चिणला जातो, उकार फुग्याच्या कडेला कापले जातात किंवा टंक इतका बारीक होतो की वाचवत नाही. चित्रातल्या पाट्या इंग्रजीच राहतात. अरबी किंवा उर्दूसाठी पानं आरशातल्यासारखी उलटी छापली तर माणसं डावखुरी होतात आणि सदऱ्याची बटणं बाजू बदलतात. ‘पाप’, ‘तारण’, ‘प्रभू’ हे शब्द कुठल्या मराठीतले आहेत यावरून भाषांतर कोणत्या पंथाच्या वर्तुळात झालं याचा अंदाज बांधता येतो. चिक प्रकाशनाने काही पुस्तिकांची पात्रं कृष्णवर्णीय करून पुन्हा काढून घेतली. एवढा खर्च कोणी करतं तेव्हा वाचकवर्ग नेमका ठरलेला असतो.

प्रत मूळ आहे की नंतर पुन्हा छापलेली, यासाठी दहापट भिंग पुरतं. जुन्या अमेरिकी रंगीत कॉमिकमध्ये रंगांचे ठिपके मोठे आणि सरळ दिसतात, पण काळी रेघ अखंड असते. छापील पानावरून स्कॅन करून पुन्हा छापलेल्या प्रतीत काळ्या रेघेचेही बऱ्याचदा ठिपके झालेले दिसतात.

बहुतेकांच्या चुका ठरावीक असतात. पहिली, छापलेल्या प्रती म्हणजे वाचलेल्या प्रती समजणं. वर दिलेले लाखांचे आकडे छपाईचे आहेत, त्यातले किती गठ्ठे चर्चच्या माळ्यावर पडून राहिले ते त्यात दिसत नाही. दुसरी, सगळं सरकारच करवतं असं धरणं. कॅप्टन अमेरिकाने हिटलरला ठोसा मारल्याचं मुखपृष्ठ डिसेंबर १९४०मध्ये बाजारात आलं तेव्हा अमेरिका युद्धात उतरायला वर्ष बाकी होतं. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी ते खासगी प्रकाशकासाठी, दहा सेंटच्या विक्रीसाठी आणि स्वतःच्या संतापातून केलं. तिसरी, चित्रकाराची निष्ठा चित्रावरून ठरवणं. फ्रान्समध्ये नाझी काळातलं ‘ल तेमेरेर’ आणि मुक्तीनंतरचं कम्युनिस्टांचं ‘व्हायाँ’ या दोन्ही मुलांच्या नियतकालिकांत ऑग्युस्त लिक्वा यांची चित्रं आहेत. आणि चौथी, जास्त मजकूर म्हणजे जास्त प्रभाव असं समजणं. एका चौकटीत पंचवीस-तीस शब्दांपलीकडे गेलं की मूल चित्र बघून पान उलटतं. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत वाटल्या जाणाऱ्या ‘ट्रेझर चेस्ट’मध्ये १९६१-६२ला आलेल्या कम्युनिस्टविरोधी मालिकेला रीड क्रँडल यांच्यासारखा चित्रकार होता आणि एफबीआयचे प्रमुख हूवर यांचं पत्रही, तरी ती पानोपानी इतिहासाच्या धड्यासारखी जड झाली आहे.

आता गठ्ठ्याची निगा. हा कागद वर्तमानपत्राचा, आम्लयुक्त, पिवळा पडून तुटणारा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पिना गंजल्या असतील तर त्यांची टोकं मधल्या पानाच्या बाजूने अलगद सरळ करून मग काढा, ओढू नका, नाहीतर मधलं पान फाटतं. प्रत्येक पुस्तिका पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसी वापरू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि महिन्याला एकदा उघडून कसर बघा. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका.

स्कॅन ६०० डीपीआयला करा, कारण बारीक वचनं आणि मुद्रकाची ओळ ३००ला फुटतात. कोरी पानं, मलपृष्ठ, पेनाने लिहिलेली नावं, किमतीची चिठ्ठी यातलं काहीच कापू नका. वर्गात किंवा प्रदर्शनात द्वेषाचं पान दाखवायचं असेल तर एकटी चौकट कधीच दाखवू नका. ती मोबाइलवर टिपली जाते आणि तुमच्या टिपणाशिवाय पुढे जाते, म्हणजे मूळ प्रचाराचं राहिलेलं काम तुम्हीच करून देता. पूर्ण पान, खाली प्रकाशक आणि वर्ष, शेजारी शेवटचं पान, असंच लावा. आणि धार्मिक पुस्तिकांपैकी एखाद्या मलपृष्ठावर स्थानिक पत्त्याचा शिक्का सापडला तर त्याचा वेगळा, जवळून काढलेला फोटो घ्या. अशा पुस्तिका जगभर सारख्याच छापल्या जातात. तुमची प्रत कोणत्या गावात, कोणाच्या हातून आली हे त्या एका शिक्क्यातच असतं.